दोन सेकंद, वर थोडे

जूनमध्ये इथं बादलीतलं पाणी रात्रीतून दगड होतं.
मेंढ्या एकमेकींच्या लोकरीत तोंडं खुपसून उभ्या,
आणि मी, इझाक याफ्ता, सदरलंडच्या टेकडीवर
एकोणिसाव्या हिवाळ्यात घुमट उघडतो.
साखळी कुरकुरते. तिला तेल मीच घालतो,
तरी कुरकुरते. खोडच आहे तिची.

या खेपेला आलीय नोलुबाबालो,
मखांडाकडची पोर, अंगात दोन स्वेटर, वर नवऱ्याचं जाकीट.
तिला बघायचाय एक तारा, जो दिसत नाही.
मग बघायचं काय, मी पहिल्याच रात्री विचारलं.
म्हणाली, त्याची जोडीदारीण.

मेलेला तारा. आपल्या सूर्याहून जड,
आणि रुंदीला किती, तर गावातल्या चर्चपासून
या घुमटापर्यंतची वाट,
जी मी रोज दीड सिगरेटीत संपवतो.
शेजारून फिरणारी ती, फिकट, साधी.
तिच्या अंगावरचं तो ओढून घेतो,
एकदम नाही, भोवऱ्या-भोवऱ्यानं,
उसनं नेणारं माणूस रोज एक वाटी नेतं
आणि परत कधी ते बोलत नाही, तसं.
चार तासांत एक फेरी. चार तासांचं वर्ष.
साठत जातं त्याच्या पाठीवर, पुरुषभर थर,
आणि मग अख्खा थर पेटतो.
दहा सेकंद.
पुन्हा काळोख, पुन्हा एक वाटी.

तो पेट आपल्यासाठी नाही.
क्ष-किरण हवेतच अडतात;
त्यांच्यासाठी वर एक उपग्रह डोळा लावून बसलाय.
आमच्या वाट्याला
तिच्या तोंडावर पडलेला उजेड.

सहा रात्री कोरड्या गेल्या.
दोन ढगात. एक अशा वाऱ्यात
की घुमट उघडायची माझी छाती झाली नाही.
पाचवीला मी आरसा नीट करत होतो,
नेमका तेव्हाच पेटला तो.
ती काही बोलली नाही.
तेच जास्त लागलं.

सातव्या रात्री, तीन वाजून अकरा मिनिटांनी,
ती थर्मासचं झाकण फिरवत होती
आणि पडद्यावरची रेघ उभी राहिली,
झोपल्या कुत्र्यानं कान टवकारावेत तशी.
चहा सांडला रजिस्टरवर.
डाग अजून आहे, तारखेच्या अंगावर.

सकाळी उपग्रहाची नोंद उतरली.
दोन्ही आलेख तिनं एकावर एक ठेवले:
वरचा आधी चढलेला, आमचा मागून.
दोन सेकंद, वर थोडे.
वीस हजार वर्षं बरोबर चालत आले, इझाककाका,
आणि एकाला एवढाच उशीर, ती म्हणाली.
एक थेट आपल्याकडं निघाला.
दुसरा आधी तिच्या दारी जाऊन आला.

मग ती मोजत बसली, अंतर, कोन, वस्तुमान.
मी खिडकीशी.
खाली कुणाचातरी ट्रॅक्टर धरत नव्हता, पुन्हा पुन्हा.

नऊ वर्षांचा होतो.
बाप ओकीपला, तांब्याच्या खाणीत.
मास्तरांना कुणीतरी व्हरांड्यात बोलावलं.
काय सांगितलं ते ऐकू आलं नाही,
सांगणारा माणूसही भिंतीआड.
मास्तर वळले.
मला दिसला तो फक्त त्यांचा चेहरा,
आणि त्यांनी माझं नाव घेईपर्यंत
मध्ये जो काही वेळ गेला तो.
कुणी मोजला नाही.
खडू मात्र त्यांच्या हातातच होता, हे आठवतं.

यातलं तिला काही सांगितलं नाही.
विचारलं, अंडी उकडू का.
दोन, ती म्हणाली.
मग आकड्यांतून मान वर न काढता,
तीन.